पलीकडच्या गोलाला जेस

शनि. २४ फेब्रुवारी २००७, वॉटफर्ड

लॉरेनची मेल. लॉरेन म्हणजे माझ्या मुलाच्या, तनूच्या क्लबचा कोच मिक, त्याची बायको. नावाला कोच मिक, खरी कोच तीच. प्रॅक्टिस मॅच १४ एप्रिलला, शनिवारी दुपारी, आपल्याच मैदानावर. समोर क्रॉयडनकडची टीम. खाली माझ्यासाठी वेगळी ओळ, 'सुनंदा, आपल्याकडून गोल तूच बघणार ना? दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही.'

ह्यांना वाचून दाखवली. "सीझनच्या आधीची सरावाची मॅच. पॉइंट धरत नाहीत, कप नाही. तिचं एवढं काय?" ह्यांना काय कळतंय. अख्खा हिवाळा आम्ही त्या एका मॅचची वाट बघत काढतो. कोण जाड झालं, कोणाचा गुडघा गेला, नवीन कोण आलंय. मैदान नाही, थर्मास नाही, लॉरेनच्या सॉसेजचा वास नाही. (खात नाही, पण वास आवडतो. कुणाला सांगायचं नाही.)

'आम्ही' लिहून गेले. आम्ही म्हणजे मी आणि माझी सून जेस. यंदा एकटीच.

रवि. २५ फेब्रु.

गोल-अंपायरचा पांढरा कोट धुतला. दोन पांढरी निशाणंही. वाळत घातली तर शेजारची बाई कुंपणावरून, "शरण जाताय का कुणाला?" हसले. नंतर आत येऊन उगाच ओटा पुसत बसले.

चार वर्षांपूर्वी तनूचं लग्न झालं, त्या उन्हाळ्यात जेसने मला पहिल्यांदा मैदानावर नेलं. तनू वॉटफर्डचा, इथेच जन्मलेला, क्रिकेट खेळणारा. जेस अ‍ॅडलेडची. तिच्यापायी त्याने बॅट टाकली आणि हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल धरला. चेंडू असा लांबुळका, की कुठे उसळेल ते त्याच्या आईलाही सांगता येणार नाही. मी थंडीत कुडकुडत, चेहरा लांब करून उभी. जेसने माझ्या अंगावर हा कोट चढवला नि म्हणाली, "आई, इट्स ईझी. फक्त बघायचं." चार खांब. मधल्या दोनांतून गेला तर गोल, सहा पॉइंट, दोन्ही निशाणं. बाजूच्या फटीतून गेला तर एक पॉइंट, एकच निशाण. सांगून हसत गेली आणि मी तिथे जी उभी राहिले ती राहिलेच. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या आईनेही टाकला नव्हता.

मी गोलात. ती बाउंड्रीवर माझ्या मागे, दर ब्रेकला गरम चहा हातात. चार उन्हाळे.

शनि. ३ मार्च

तनू प्रॅक्टिसहून आला. चिखलाचे बूट दारात. पुन्हा आपल्या जुन्या छोट्या खोलीत राहतोय, तिशी आली तरी. पाय पलंगाबाहेर जातात.

ऑक्टोबरात दोघांनी फ्लॅट सोडला. काय बिनसलं, मला अजून माहीत नाही. विचारलं तेव्हा तनू, "आई, इट जस्ट स्टॉप्ड." दूध नासतं तेही कारणाने नासतं. मी जेसला फो. करते म्हटलं तर असा भडकला, "तू माझी आई आहेस का तिची? प्रॉमिस कर, तू तिला कॉल नाही करणार." केलं प्रॉमिस. पाळतेय. माझ्यासारखी मूर्ख मीच.

आज फक्त एवढं विचारलं, प्रॅ. मॅचला यायचंय ना मी? "युअर चॉइस, आई." म्हणजे हो की नाही, देवालाच ठाऊक.

रवि. ११ मार्च

मराठी मंडळाची मीटिंग. मीनाताई भेटल्या. जेसचे आई-वडील लग्नाला येऊ शकले नव्हते, वडलांचं ऑपरेशन होतं, म्हणून मीनाताई आणि त्यांच्या मिस्टरांनी कन्यादान केलं. आदल्या रात्री जेस त्यांच्याच घरी राहिली, तिथूनच आमच्याकडे आली. माहेर हॅरोचं, अशी तेव्हा सगळी चेष्टा करायची. मीनाताई हळूच म्हणाल्या, "माझ्याकडेही फिरकली नाही गं. मी काय केलं होतं तिचं?"

तुम्ही काही नाही केलंत. मी तरी काय केलंय?

नोव्हेंबरात जेस तिची खोकी न्यायला आली तेव्हा तनू मुद्दाम बाहेर गेला होता. मी पोहे केले. ती खाताना खाली मान. निघताना दारात उभी, अंगात तो निळा जाड कोट. मला राहवलं नाही. थांब म्हटलं, देवापुढचा नारळ घेतला, मूठभर तांदूळ, खण, हळकुंड, आणि ओटी भरली. घरातून बाई अशीच कशी जाईल? कुंकू लावलं. तिने पदर कुठला, कोटाची टोकं धरली पुढे. खूप रडली. मीही. गाडीत बसली आणि तेव्हापासून एक शब्द नाही. चिडली असती तर भांडली असती. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

रवि. १८ मार्च

मदर्स डे. तनूने फुलं आणली, सुपरमार्केटची, किमतीचा कागद तसाच. गालाला गाल लावला. गुणी आहे माझा.

जेस दरवर्षी कार्ड टाकायची. म्हणायची, माझे दोन मदर्स डे. इथला मार्चमधला तुझा, तिथला मे महिन्यातला मॉमचा, क्लॅश नाही, किती सोयीचं. कार्डात मराठीत 'आई' लिहायची. आ चा काना नेहमी लांब जाऊन खालच्या ओळीत घुसायचा.

आज रविवार, आज पोस्ट येतच नाही. काल आलं असेल तर, म्हणून काल तीनदा दार बघितलं. ह्यांनी बघितलं मला बघताना. चहा केला. साखर घालायला विसरले.

गुरु. २२ मार्च

सर्जरीत (मी दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला) फोन आला, लॉरेनचा. कामावर कधी करत नाही. हातातली अपॉइंटमेंटची वही खाली ठेवली.

दोन बातम्या. एक, क्रॉयडनच्या टीमकडून गोल बघायला जेस येणार आहे. तिकडच्या हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी धरलीय ना तिने, तिथल्याच क्लबात जाते आता. दोन, एप्रिलअखेर ती अ‍ॅडलेडला परत चाललीय. कायमची. तिकीट काढलंय.

"सुनंदा, आर यू देअर?" आहे म्हटलं. समोर एक माणूस गाल धरून उभा, त्याला तीनदा विचारलं, नाव काय तुमचं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "गोड पोरगी होती." होती काय? आहे. ओरडले मी ह्यांच्यावर. बिचाऱ्यांचा काय दोष.

रवि. २५ मार्च

घड्याळं पुढे केली. प्रॅ. मॅच एक तास जवळ आली, असा वेडा हिशोब मनात.

प्रॉमिसमध्ये फोन नाही असं होतं. मैदानात समोरासमोर आले तर ते प्रॉमिसात बसतं की नाही? वकिलीण झाले असते तर बरं झालं असतं.

शनि. ३१ मार्च

क्लबात कामाचा दिवस. खांब रंगवायचे, जाळ्या शिवायच्या. मी आणि लॉरेन खांबांवर, हातात ब्रश. ऊन छान. नवीन पोरं पळत होती. एक उंच लाल केसांचा आहे, सगळे त्याच्यावर आशा लावून. मीही लावली असती, मन थाऱ्यावर असतं तर.

लॉरेन सहज म्हणाली, "जेस नेहमी तुझ्या त्या सेरेमनीचं सांगते. इट वॉज ब्यूटिफुल, म्हणते."

"कुठली सेरेमनी?"

"निरोपाची. तांदूळ, नारळ, कापड. म्हणते, लग्नाच्या वेळी मीनाच्या घरातून निघताना मीनाने असंच केलं होतं. त्यानंतर मी तिच्या घरची राहिले नाही, सुनंदाची झाले. मग सुनंदाने केलं. म्हणजे सुनंदाने मला रीतसर सोडलं. दे डिड इट प्रॉपरली, लॉरेन, मग मागे वळून फोन करणं बरं दिसत नाही."

ब्रश हातातून गवतात.

लग्नाच्या दिवशी पाठवणीला मीनाताईंनी ओटी भरली होती. तेवढीच तिला माहीत. त्यानंतर चार वर्षं मी कधी भरली नाही. ती दोन गल्ल्या सोडून राहायची, रोज यायची जायची, कुणाची भरायची? नवरात्रात तिची हमखास शिफ्ट. तिला कुणी सांगितलंच नाही, की ओटी माहेरी आलेल्या लेकीचीही भरतात, सासरी परत जाणाऱ्या सुनेचीही भरतात, नुसत्या भेटायला आलेल्या बाईचीही भरतात. पुन्हा ये म्हणून भरतात. भरल्या हाताने जा आणि पुन्हा ये.

मी म्हटलं पुन्हा ये. तिने ऐकलं, जा.

लॉरेनला समजावून सांगायला गेले, नीट जमलं नाही. खांबाचा खालचा अर्धा भाग तसाच राहिला.

रवि. १ एप्रिल

दिवसभर फोनभोवती घिरट्या. ह्यांना ओटीचं सांगितलं. म्हणाले, "कर फोन. तनूचं मी बघतो." ह्यांनी आजवर तनूचं काय बघितलंय?

नाही केला. मुलाला दिलेला शब्द मोडून तिला परत आणायचं आणि त्याला घालवायचं, हा कुठला व्यवहार. आणि काय सांगू फोनवर? असल्या गोष्टी तोंड बघून सांगतात.

शनि. ७ एप्रिल

ईस्टरची सुट्टी. तनू टेबलाशी बूट साफ करत होता, वर्तमानपत्र पसरून. मी पोळ्या लाटता लाटता, पाठमोरीच, म्हटलं, जेस येतेय त्या मॅचला.

"आय नो."

माहीत होतं त्याला! केव्हापासून?

"आई, तू नको ना येऊ. या वेळी. प्लीज. दुसरा कोणीतरी गोल बघेल." मग हळू, "मी बॉल बघू का तुमच्या दोघींना बघू?"

मी वळले. बूट हातात तसाच. लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की असा बसायचा, बूट हातात घेऊन.

मी म्हटलं, मी लॉरेनला शब्द दिलाय. खोटं नाही. पण खरंही नाही. तो उठून वर गेला. पोळी करपली.

शुक्र. १३ एप्रिल

उद्या. संत्री आणली, ब्रेकला सगळ्यांना फोडी लागतात. लॉरेनची मेल, जणू वर्ल्ड कप आहे: पाऊस नाही, मैदान कडक, लाल केसांचा सेंटरला. क्लबातली सगळी मंडळी उत्साहाने उतू चाललीत. एरवी मीही असते.

तनूने माझा कोट इस्त्री करून दाराला अडकवला. कॉलर उलटीकडून केलीय.

शनि. १४ एप्रिल

झाली मॅच. क्रमाने लिहिते.

कडकडीत ऊन, एप्रिल वाटत नाही. मी आमच्या टोकाला, ती पलीकडच्या गोलाला. मधे एवढं मोठं मैदान, ती नखाएवढी दिसत होती. केस कापलेत, खांद्यापर्यंतसुद्धा नाहीत. एका गोलाला अंपायरने निशाण दाखवलं की दुसऱ्या गोलाच्या अंपायरने तसंच परत दाखवायचं असतं, बघितलं, नोंदलं, अशी खूण. म्हणजे मी दोन दाखवली की ती दोन. ती एक दाखवणार की मी एक. पहिला गोल तिच्याकडे झाला. लांबून दोन पांढरे ठिपके हलले. मी माझी उचलली आणि किती वेळ हलवत राहिले. मिक ओरडला, "सुनंदा, ती उडून जातील!"

क्वार्टर संपला की दोन्ही गोल-अंपायरनी मध्यावर येऊन स्कोअरकार्डं जुळवायची, गोल किती, फटीतले किती, एकूण पॉइंट किती. नियमच आहे. चालत गेले. ती चालत आली. बारीक झालीय.

"हाय, आई."

"हाय."

"थ्री, फोर, ट्वेंटी-टू."

"थ्री, फोर, ट्वेंटी-टू."

"वन, फाइव्ह, इलेव्हन." हे दुसऱ्या टीमचं.

जुळलं. परत गेलो. शहाण्या बायकांसारख्या.

हाफटाइमला मी फोडींचा डबा घेऊनच गेले. समोरच्या टीमच्या माणसाला कुणी देत नाही. दिल्या. तिने एक घेतली. तेव्हा म्हटलं, जेस, ती ओटी गुडबाय नव्हती.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. माझं इंग्रजी अशा वेळी पार कोलमडतं. म्हटलं, एम्प्टी हॅण्ड्स नॉट गुड. सो यू गो फुल. सो यू कम अगेन. एव्हरी टाइम वी डू. मीना डिड, मी ऑल्सो, इट मीन्स कम अगेन.

संत्र्याचा रस तिच्या मनगटावरून ओघळत होता. "आई, मला वाटलं तू दयाळूपणे... लेटिंग मी गो. प्रॉपरली."

"नो. नॉट लेटिंग."

"ओह, आई."

तिने मला मिठी मारली नाही. मी मारली नाही. पन्नास माणसं बघत होती आणि तनू पाण्याच्या बाटलीशी पाठ करून उभा. ती म्हणाली, "पण मी जातेय. तरीही. सव्वीसला."

"माहीत आहे," मराठीतच म्हटलं. समजलं तिला.

सांगितलं, सगळं सांगितलं, आणि काही बदललं नाही.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये तनूची किक माझ्याकडे आली. लांबून, उंच. डोळ्यांत पाणी, वर सूर्य. चेंडू आतून गेला का खांबाला लागून (लागला तर एकच पॉइंट), मला दिसलं नाही. दिसलं नाही तर कमी द्यायचं, हा नियम जेसनेच शिकवलेला. एक बोट वर केलं. एक निशाण. "आई! दॅट वॉज इन!" तनू ओरडला. सगळे हसले. पलीकडे तिने पण एकच वर केलं.

जिंकलो म्हणे. लाल केसांच्याला डोक्यावर घेतलं. मी कोट घडी करून गाडीत बसले.

रवि. १५ एप्रिल

तनू सकाळी स्वयंपाकघरात. "तू रडत होती काल."

"ऊन होतं."

"आई, प्लीज."

मग तो बोलत सुटला, दाराला टेकून, माझ्याकडे न बघता. "तू रडली. लॉरेन रडली. मीनाआंटी फोनवर रडली. ऑक्टोबरपासून सगळे मला विचारतात, जेस कशी आहे, जेस कुठे आहे. माझा बायको गेली, आई. मला कोणी विचारली नाही, हाऊ आर यू. तू पण नाही."

बायकोचा 'माझा' कानाला खटकला, आणि तेवढ्याने मी सावरले, नाहीतर तिथेच बसले असते.

खरंच विचारलं नव्हतं. मला सून गेल्याचं दुःख. ह्याचं काय गेलं, ते मी धरलंच नाही. घरात येतो, जेवतो, झोपतो, म्हणजे आहे, असं धरून चालले.

विचारलं. म्हटलं, कसा आहेस?

"बरा नाही," म्हणाला. इतका वेळ गेल्यावर पहिला खरा शब्द. जवळ घेतलं. सहा फुटाचा माणूस, खांद्यावर डोकं मावेना.

बुध. १८ एप्रिल

जेसचा टेक्स्ट. माझ्या नंबरावर. 'रविवारी जेवायला येऊ? ओन्ली इफ टॅन इज ओके.'

क्लबात तनूला टॅन म्हणतात. मी उत्तर नाही दिलं. तनू कामावरून आला, बूट काढेपर्यंत दम धरला आणि फोन त्याच्यापुढे धरला. पूर्वी धरला नसता. आधी हो कळवलं असतं, मग सांगितलं असतं.

त्याने दोनदा वाचला. "हो म्हण. तू भेट तिला. मी बाहेर जाईन, फाइन?"

तुला चालेल ना, खरं सांग.

"नाही चालत. पण हो म्हण."

हो कळवलं. हे म्हणाले, भरली वांगी कर, तिला आवडतात. ह्यांना आठवतं, आश्चर्यच.

रवि. २२ एप्रिल

सकाळपासून स्वयंपाक. वांगी भरून झाली, वरण झालं, भात लावायचाय. ह्यांनी पुढची खोली दोनदा झाडली. कधी नव्हे ते.

ती बाराला येणार. गुरुवारी विमान.

तनू दहाला आंघोळ करून खाली आला. दाढी केलेली, चांगला शर्ट. म्हटलं, निघतोस? निघतो म्हणाला. गाडीची किल्ली घेतली. बूट घातले. नाड्या बांधल्या.

मग जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला.

तेव्हापासून तिथेच आहे. मी दोनदा स्वयंपाकघरातून डोकावले. किल्ली हातात, नजर दाराकडे. तिसऱ्यांदा डोकावले तेव्हा म्हणाला, "जातो, आई. पाच मिनिटं." मी बरं म्हटलं. हे पेपर उलटा धरून वाचतायत.

आता पोळ्यांना बसायला हवं. तिघांच्या करू की चौघांच्या, विचारायची हिंमत नाही. विचारलं तर उठून जाईल.

कणीक चौघांची भिजवलीय. उरली तर उरली.